तीनच्या पुढे

टेमीने माईक हिसकावल्यासारखा ओढला, मान मागे टाकली आणि ओरडली, "एक! दोन! तीन!" आणि थांबली. तिच्याबरोबर चौदा नटनट्या जागच्या जागी थांबल्या, श्वास धरून, जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्यांवर पाय रोवून. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून टक, टक, टक, टक असे चार ठोके पडले आणि त्यानंतर गिटार, बास, ड्रम सगळं एकदम कोसळलं. कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर मी चहाचा कागदी पेला धरून बसले होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी एक चूक केली होती आणि ती या पोरांनी पाठ केली होती. नुसती पाठ नव्हे, मोजून, आखून, कागदावर उतरवून घेतली होती. मला त्या सगळ्यांचा राग आला, टेमीचा सगळ्यात जास्त, कारण नाटकात ती माझं काम करत होती आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होती.

गाणं संपलं तसा पिअर्स माझ्याकडे आला. तो दिग्दर्शक. वय पस्तीस, केस विस्कटलेले, पण ते तसे राहावेत म्हणून कशाने तरी चोपडलेले. माझ्यापुढे तो नेहमी उकिडवा बसतो, म्हणजे मी म्हातारी आहे हे दोघांच्याही लक्षात राहतं. "जिल, ती शांतता ऐकलीत? त्या चार ठोक्यांत सगळे दिवे जातात. ड्रमरच्या रिकाम्या स्टुलावर एकच निळा दिवा. जेट नुकतीच गेलीय. प्रेक्षक रडणार बघा." मी म्हटलं, "पंक ऐकायला आलेले लोक रडणार?" तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग हळूच म्हणाला, "जेवणानंतर तुमचा होकार मिळाला तर बरं. पोस्टर छापायला जायचंय." नाटकाचं नाव 'लिफ्ट बंद'. गाण्याचंही नाव तेच. बाकी सगळी गाणी आमच्या जुन्या बॅंडच्या नावावर आहेत, हे एकटं माझ्या नावावर, आणि मी 'हो' म्हटल्याशिवाय ते रंगमंचावर जाऊ शकत नाही. तीन आठवडे मी 'बघू' म्हणत होते. आज दुपारी 'बघू' संपणार होतं.

तीन आठवडे मी वॉलवर्थच्या त्या चर्चच्या हॉलमध्ये रोज सकाळी दहाला येत होते आणि रोज चरफडत घरी जात होते. पंकचं, आमच्या त्या आरडाओरड्याच्या गाण्यांचं, म्युझिकल होऊ शकतं का, असं मला रेडिओवर विचारलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, का नाही? आता वाटत होतं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं. पहिल्याच दिवशी पिअर्सने सगळ्यांना समजावलं होतं की म्युझिकलमध्ये माणसाचं बोलून भागेनासं झालं की तो गातो. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाबा रे, आम्हाला गाताच येत नव्हतं, आणि बोलायला कोणी देत नव्हतं. तुझ्या नियमात आम्ही कुठे बसायचं? इथे प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. पोरगी कपाट का लाथाडते, तर बाप निघून गेला म्हणून. केस का कापते, तर आईने थोबाडीत मारली म्हणून. मी केस कापले होते कारण माझी मैत्रीण बेव्ह, तिच्या काकूची कात्री टेबलावर पडली होती आणि बाहेर पाऊस होता. हे मी पिअर्सला सांगितलं तर तो म्हणाला, "छान, पण यावर सीन उभा राहत नाही." कपड्यांवरच्या सेफ्टी पिना डिंकाने बंद केल्या होत्या, कोणाला टोचू नयेत म्हणून. आणि सगळ्यावर ती टकटक. संगीत सांभाळणारा ओवेन तिला क्लिक म्हणतो. ती सगळ्यांच्या कानात सारखी चालू असते. दिवे तिच्यावर बदलतात, फिरता रंगमंच तिच्यावर फिरतो, पोरं तिच्यावर उड्या मारतात. उडी चुकली तर पुन्हा मारायची. ठोका कोणासाठी थांबत नाही.

आमच्या काळी उड्या मारायला जागाच नव्हती. डेप्टफर्डला आम्ही राहायचो त्या टॉवरखाली भाडेकरूंची एक खोली होती. मंगळवारी तिथे म्हाताऱ्या बिंगो खेळायच्या, गुरुवारी दुपारी आम्ही. चौघी. बॅंडचं नाव ड्रिप ट्रेज, पबमध्ये बिअरच्या नळाखाली थेंब गोळा करायला ठेवतात त्या ताटल्यांवरून. ते बेव्हच्या डोक्यातून निघालेलं. बेव्हर्ली तिचं पूर्ण नाव. बाराव्या मजल्यावर आम्ही, चौदाव्यावर तिच्या घरचे. लिफ्ट बंद असली की ती ड्रम एकेक करून चौदा मजले खाली आणायची आणि प्रत्येक मजल्यावर एकेक शिवी द्यायची. त्याच शिव्यांचं पुढे गाणं झालं. पहिल्या दिवशी सुरुवात कोणी करायची म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पंकमध्ये सुरुवात म्हणजे एक-दोन-तीन-चार असं जमेल तितक्या जोरात ओरडायचं. गाण्याच्या वेगाशी त्याचा काही संबंध नाही. मी ओरडले एक, दोन, तीन, आणि अडले. तिनाच्या पुढे काय असतं तेच मला आठवेना. मागून बेव्ह ओरडली, "चार, बये, चार!" आणि तिने दोन्ही काठ्या घातल्या. बस्स. त्यानंतर कायम तेच. तीन माझे, चौथा तिचा. कोणी ठरवलं नाही, लिहिलं नाही. स्टेजवर पाठ तिच्याकडे असायची, तरी मला ती कधी एकटं पडू देणार नाही हे माझ्या पाठीला माहीत होतं. तो 'चार' दर वेळी वेगळा असायचा. कधी चिडलेला, कधी तोंडात चिप्स कोंबलेला, एकदा तर नुसतं हसू. आणि मग ती सुटायची. गाणं सुरू होताना जेवढा वेग असे, त्याच्या दीडपट वेगाने संपायचं. आम्ही तिच्यामागे धापा टाकत पळायचो.

ती पळते म्हणूनच मी तिला काढलं. दुसरं काही कारण नव्हतं. स्टुडिओवाल्याने आमची कॅसेट ऐकून सांगितलं, ड्रमवालीला वेळ सांभाळता येत नाही, रेकॉर्ड करायची तर दुसरा माणूस बघा. बाकीच्या दोघींना विचारते म्हणाले आणि विचारलंच नाही. मी एकोणीस वर्षांची होते, मला रेकॉर्ड हवी होती, इतकी की जीव गेला तरी चालेल असं वाटायचं. जीव गेला नाही, बेव्ह गेली. चिप्सच्या दुकानात रांगेत उभ्या होतो. तिच्या हातात ड्रमचं नवं कातडं होतं, कागदात गुंडाळलेलं, रेकॉर्डिंगसाठी मुद्दाम आणलेलं. मी म्हटलं, "गुरुवारी तू येऊ नकोस." ती म्हणाली, "बरं." व्हिनेगर जास्त टाका, असं तिने दुकानदाराला सांगितलं. मग चिप्सचं पुडकं हातात आल्यावर, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "मग चार कोण म्हणणार?" आणि मी म्हणाले, "म्हणेल कोणीतरी."

गुरुवारी ग्रिनिचच्या तळघरातल्या स्टुडिओत लग्नाच्या पार्ट्यांत वाजवणारा एक गृहस्थ आला. टाय लावलेला, डब्यात सॅंडविच घेऊन. भला माणूस. आमच्याकडे तासाभराचाच वेळ होता. मी डोळे मिटले, ओरडले एक, दोन, तीन, आणि थांबले. सवयच होती. मागून काही आलं नाही. तो बिचारा माझी वाट बघत होता, मी मागची वाट बघत होते. त्या खोलीत इतकी शांतता झाली की छताच्या पाइपमधलं पाणी मला ऐकू आलं. मग त्याने अंदाजाने सुरुवात केली, आणि आम्ही त्याच्यामागून, अगदी सरळ, शेवटपर्यंत एका वेगात. काचेपलीकडून स्टुडिओवाला म्हणाला, "ती मधली रिकामी जागा मस्त आलीय, ठेवू या." तशी ती राहिली. रेकॉर्ड चालली. त्या जागेवर लोकांनी काय काय लिहिलं! कोणी म्हणे अणुबॉम्बच्या आधीचा क्षण, कोणी म्हणे बेकारांच्या पिढीचं मौन. मी सगळ्याला मान डोलवायची. त्र्याऐंशी साली एका मासिकाच्या मुलाखतीत एका भाबड्या मुलीने विचारलं, "ती जागा कोणासाठी आहे का?" मी म्हणाले, "हो, आमच्या ड्रमरसाठी. ती वारली." इतकं सहज तोंडून गेलं की मलाच खरं वाटलं. मेलेल्या माणसाला आपण काढलेलं नसतं, ही त्यातली सोय. पिअर्सने ती मुलाखत कुठून तरी खणून काढली, तिचं नाव जेट ठेवलं, मध्यंतराच्या आधी तिला झोपेच्या गोळ्या खायला लावून मारलं आणि स्टुलावर निळा दिवा लावला. बिचाऱ्याने माझंच खोटं मला गाऊन दाखवलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी ओवेनकडे गेले. काही तरी तोडून टाकावं असं वाटत होतं, ती टकटक समोर होती. "हे यंत्र बंद कर," मी म्हटलं. "पंक कधी यंत्रावर वाजतं का रे? तुम्ही त्याचा पार बॅंडबाजा करून टाकलात. माणूस धडपडतो, पळतो, पडतो, ते कुठाय यात?" ओवेन शांत मुलगा आहे, लोकरीची टोपी उन्हाळ्यातही काढत नाही. तो म्हणाला, "जिल, रागावू नका, पण तुमच्या रेकॉर्डला मी क्लिक लावून बघितली. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत ड्रम केसभर हलत नाहीत. मला काहीच बदलावं लागलं नाही. ते आधीच असं होतं." त्याने कौतुकाने सांगितलं. मी हो म्हणाले आणि दारापर्यंत गेले, तेव्हा माझे कान तापले होते. तीन आठवडे मी या पोरांना नावं ठेवत होते. सगळं मोजून-मापून करता, खरा माणूस वेळेत बसत नाही म्हणून त्याला बाहेर ठेवता. आणि हे पहिल्यांदा कोणी केलं? चिप्सच्या रांगेत उभं राहून कोणी केलं? पिअर्सचा अजून जन्म झाला नव्हता तेव्हा मी आमच्या बॅंडचं म्युझिकल केलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की सॅंडविच तसंच कचऱ्याच्या डब्यात गेलं.

चर्चच्या बाहेरच्या बुटक्या भिंतीवर बसून मी पाकीट उघडलं. तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली तेव्हा बेव्हचं कार्ड आलं होतं. आत दोन ओळी आणि खाली फोन नंबर. तो कोपरा कापून मी जपून ठेवला होता आणि एकदाही फोन केला नव्हता. आता केला. तिसऱ्या घंटीला तिने उचलला.

"बेव्ह, मी जिल."

"कोण जिल? अगं, जिले तू! कोण मेलं?"

"कोणी नाही. म्हणजे... तूच."

"ते जुनं झालं. मी मेलेय हे मला त्र्याऐंशी सालीच कळलं. डेपोच्या कॅन्टीनमध्ये एकीने मासिक आणून दाखवलं. दुपारी माझी ड्युटी होती. म्हटलं, मेले तर मेले, बस कोण काढणार?"

चाळीस वर्षं मला वाटत होतं तिने ते वाचलं नसेल. मी विचारलं, "तू बस चालवायचीस?"

"एकोणतीस वर्षं. सत्तेचाळीस नंबर. एकदाही उशीर नाही, निवृत्त झाले तेव्हा घड्याळ दिलंय त्यांनी. आणि म्हणे मला वेळ सांभाळता येत नाही." ती हसली. तेच हसू, थोडं खरखरीत झालेलं. "बोल, काय काम काढलंस?"

मी नाटकाचं सांगितलं. तिला आधी खरंच वाटेना. "म्युझिकल? ते नाचत नाचत गातात तसलं? आपल्या गाण्यांवर? अगं, माझी नात करते शाळेत. शेवटी सगळे हात धरून वाकतात. आपल्यात कोणी वाकलं तर ते बाटली चुकवायला."

"हे पण वाकतात शेवटी."

"छ्या. आणि माझं काय होतं त्यात?"

"मरतेस."

"कधी?"

"मध्यंतराच्या आधी."

"मग बरंय, लवकर घरी जाता येईल. कोण होतंय मी? जाडी आहे का?"

"बारीक आहे."

"मेल्यांनो," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मीही हसले. भिंतीवर ऊन होतं, समोरून शाळेची पोरं चालली होती, आणि मला वाटलं आता सगळं ठीक होईल, इतकं सोपं होतं तर मी इतकी वर्षं काय करत बसले होते. मला माफी मागता आली असती. शब्द तयार होते. पण मला त्याहून जास्त हवं होतं. मी म्हटलं, "बेव्ह, ऐक." आणि डोळे मिटून, रस्त्यावर, चौसष्ट वर्षांची बाई, मी म्हणाले, "एक. दोन. तीन."

पलीकडे तिच्या स्वयंपाकघरात किटली उकळत होती. ती उकळून आपोआप बंद झाल्याचा खटका मला ऐकू आला. तिचा श्वासही ऐकू येत होता. ती होती तिथे, फोन कट झाला नव्हता. माझी पाठ वाट बघत होती, जशी त्या तळघरात बघत होती. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

"तू म्हणाली होतीस ना," बेव्ह शेवटी म्हणाली, अगदी साधेपणाने, "की म्हणेल कोणीतरी."

मी नंबरचा तो कागद पुन्हा पाकिटात ठेवला.

"चल, ठेवते. नातीला आणायला जायचंय, सव्वातीनला सुटते. आईचं वाईट वाटलं गं, खरंच. छान होती तुझी आई." आणि तिने फोन ठेवला.

मी आत गेले तेव्हा सगळे पुन्हा पट्ट्यांवर उभे राहत होते. पिअर्सने भुवया उंचावल्या, म्हणजे, हो ना? मी खुर्चीवर बसले नाही. मधोमध जाऊन सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ड्रमर मेलेली नाही, कॅटफर्डला राहते, बस चालवायची. तिला मी काढलं. ती जागा कोणासाठी नव्हती, 'चार' म्हणायला कोणी उरलं नव्हतं म्हणून ती पडली. आणि आत्ता फोनवर काय झालं तेही सांगितलं. मग पिअर्सने वही उघडली. त्याचे डोळे चमकत होते. "जिल, हे तर कितीतरी चांगलं आहे! जेटला मारायचंच नाही. शेवटच्या प्रवेशात ती परत येते. टेमी म्हणते एक, दोन, तीन, आणि प्रेक्षकांच्या मागून, दारातून, ती म्हणते चार! आणि सगळे गातात." दोघीचौघींनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी डोळे पुसत होती.

"ती म्हणाली नाही," मी म्हटलं.

"खऱ्यात नसेल म्हणाली. पण रंगमंचावर—"

"ती म्हणाली नाही, पिअर्स."

"पण मग लोक काय घेऊन घरी जाणार? दोन तास बसल्यावर त्यांना काहीतरी द्यायला नको?" तो चिडून बोलत नव्हता, खरंच विचारत होता. त्याच्यापुरतं त्याचं बरोबर होतं, आणि त्यामुळेच मला जास्त संताप येत होता. ओवेन म्हणाला, हवं तर आपण जागा तशीच ठेवू, दिवाही नको, फक्त ती किती ठोक्यांची ते सांगा, म्हणजे पुढचं सगळं लावता येईल. मी म्हटलं, मला माहीत नाही किती. तो म्हणाला, अंदाजे? मी म्हटलं, अजून संपलेली नाही. मी म्हटलं, गाणं मिळणार नाही. बाकीची घ्या, नाव दुसरं ठेवा, हे नाही. पिअर्सने वही मिटली. चौदा पोरांची तीन आठवड्यांची मेहनत मी पाण्यात घातली होती, हे मला दिसत होतं. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि माझं मत बदललं नाही.

टेमी माईक हातात धरून अजून तिथेच उभी होती. इतक्या दिवसांत ती मला कधी काही विचारायची नाही, नुसती माझ्याकडे बघून बघून सगळं उचलायची. आता तिने विचारलं, "ती शेवटी काय म्हणाली, जिल? अगदी शेवटी?"

"नातीला आणायला जायचंय म्हणाली."

"आणि मग?"

"मग काही नाही. फोन ठेवला."

कोपऱ्यातला स्पीकर कोणी तरी मघाशीच चालू केला होता आणि टकटक सुरू होती. सगळे ती ऐकत उभे होते. मी गेले, वायर शोधली आणि ओढून काढली.